सोरा, तांबे आणि मातीचे बांध

मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) चीनमध्ये घडवल्या गेलेल्या ‘फाहुआ’ पद्धतीच्या बरण्या पाहताना पहिला प्रश्न पडतो तो असा, की गडद निळा, फिरोजी, जांभळा आणि पिवळा हे रंग एकमेकांना खेटून असूनही भट्टीत मिसळले कसे नाहीत? त्याआधीच्या थांग काळातील तिरंगी भांड्यांवर शिशाची पातळ झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, खुशाल ओघळलेली दिसते आणि तिचे सौंदर्यही त्या ओघळांतच आहे. फाहुआच्या कारागिरांनी मात्र, मेंदीच्या कोनातून रेघ काढावी तशी, ओल्या मातीची उंचवट्याची रेघ ओढून प्रत्येक पाकळीभोवती बांध घातला आणि त्या वाफ्यांत वेगवेगळी झिलई भरली.

ही कला शान्शी प्रांतात बहरली आणि पुढे चिंगदचन या कुंभारकामाच्या शहरातल्या पोर्सेलिनवरही, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांवरही, उतरली. तिथे भांडे आधी झिलईशिवाय कडक भाजत, मग रंग भरून त्याहून बऱ्याच कमी तापमानाला पुन्हा भाजत. कारण या झिलईत सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, असे आणि त्यातील पोटॅशियममुळे ती लवकर वितळे. रंगाची खरी गंमतही इथेच आहे. शिशाच्या झिलईत तांबे हिरवे दिसते, पण पोटॅशियमसारख्या अल्कलीने समृद्ध काचेत तांब्याच्या आयनांभोवतीची रचना बदलते, ते प्रकाशातील वेगळा भाग शोषतात आणि तेच तांबे फिरोजी होते. निळ्यासाठी कोबाल्ट, जांभळ्यासाठी मँगॅनीज आणि पिवळ्यासाठी लोह वापरले जाई.

जाळीकामाच्या बरण्या तर माझ्या मते या कारागिरीतील सर्वांत धाडसी काम होय. त्यांना दोन भिंती असतात : आतली सलग भिंत बरणीचे काम करते आणि बाहेरच्या भिंतीत ढग, खडक, ताओ परंपरेतील आठ अमर विभूती कोरून मधली माती काढून टाकलेली असते. माती फार ओली असताना कोरली तर आकार ढासळतो, पूर्ण वाळल्यावर कोरली तर तुकडे उडतात. शिवाय दोन्ही भिंती वाळताना आणि भाजताना सारख्याच आकसल्या नाहीत, तर नाजूक जाळीला तडा जातो.

अल्कलीची किंमतही मोजावी लागते. अशी झिलई थंड होताना खालच्या मातीपेक्षा अधिक आकसू पाहते, पण मातीला घट्ट चिकटलेली असल्याने ताणली जाते. म्हणून फिरोजी भागावर भिंग धरले, की केसाएवढ्या बारीक चिरांचे जाळे दिसते.