वटवाघळांच्या आतड्यांतील जिवाणू : येऊर आणि ठाणे खाडीच्या संदर्भात

येऊरच्या जंगलात आणि ठाणे खाडीच्या काठाने तिन्हीसांजेला किडे टिपत फिरणाऱ्या लहान वटवाघळांच्या आतड्यांत कोणते जिवाणू राहतात, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु तो नीट विचारता येईल इतकी साधने हाती आली ती गेल्या दोन दशकांतच. त्याआधी वटवाघळांचा अभ्यास करणारे प्राणिशास्त्रज्ञ आणि जिवाणूंचा अभ्यास करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आपापल्या वाटेने चालले होते, आणि त्या वाटांची गाठ क्वचितच पडत होती.

आपल्या भागात पहिली वाट जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली आणि १९११ मध्ये तिने हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाची सुरुवात खानदेशातून झाली. पुढे १९६०च्या दशकाच्या आरंभी आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने मध्य आणि पश्चिम भारतातील वटवाघळांवर केलेले काम सोसायटीच्याच नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाले. कोणती जात कोठे वस्ती करते, कधी विते, काय खाते, याची भक्कम माहिती अशा कामांतून जमत गेली. आहाराचा अंदाज बहुधा विष्ठेवरून बांधला जाई. कीटकभक्षी वटवाघळाची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, काळसर आणि ठिसूळ असते. ती ओली करून सूक्ष्मदर्शकाखाली उकलली, की भुंगेऱ्यांच्या कवचाचे चमकदार तुकडे, पतंगांच्या पंखांवरचे खवले आणि चिलटांचे पाय स्पष्ट दिसतात. त्याच लेंडीतील जिवाणूंकडे मात्र दीर्घकाळ फारसे कोणी वळले नाही.

दुसरी वाट थिओडोर एशरिश यांच्यापासून धरता येते. १८८५ मध्ये त्यांनी तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून जो जिवाणू वेगळा करून वर्णन केला, तो आज त्यांच्याच नावाने, एशरिशिया कोलाय म्हणून, ओळखला जातो. त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षे आतड्यातील जिवाणू जाणून घ्यायचे म्हणजे ते काचेच्या बशीत वाढवून पाहायचे, अशीच रीत होती. या रीतीत प्राणवायू सहन न होणारे, किंवा बशीतील खाद्यावर न वाढणारे असंख्य जिवाणू निसटून जात, आणि जे सहज वाढतात तेच महत्त्वाचे आहेत असा समज होई.

कीटकभक्षी वटवाघळांच्या बाबतीत या रीतीने जो पहिला मोलाचा प्रश्न हाताळला, तो कायटिनचा. किड्यांचे कवच कायटिनचे असते आणि ते पचवणे सस्तन प्राण्यांना कठीण, असे मानले जाई. २००४ मध्ये अमेरिकेतील जॉन व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कीटकभक्षी वटवाघळांच्या आतड्यांत कायटिन फोडणारे विकर (एन्झाइम) आणि ते तयार करणारे जिवाणू असल्याचे दाखवले, तेव्हा कोडे सुटल्यासारखे झाले : कवच पचवण्याचे काम जिवाणू करतात. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनाने असे दाखवले, की या वटवाघळांच्या जठरात त्यांचे स्वतःचे कायटिन फोडणारे विकरही असते. जिवाणूंचा वाटा त्यामुळे शून्य ठरला नाही, पण तो किती, हा हिशेब नव्याने मांडावा लागला. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील हा सर्वांत बोधप्रद टप्पा आहे, कारण जिवाणू आतड्यात सापडला म्हणजे तो तेथे यजमानाच्या उपयोगाचे काम करतोच, असे त्यानंतर कोणाला गृहीत धरता येईना.

दरम्यान साधने बदलली होती. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोम या कणाच्या एका घटकातील रासायनिक अक्षरांच्या क्रमावरून सूक्ष्मजीवांची वंशावळ मांडता येते हे सिद्ध केले. पुढे पीसीआर ही डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत आणि जलद क्रमवाचनाची यंत्रे आल्यावर जिवाणू न वाढवताच चिमूटभर विष्ठेतून त्यांची यादी काढणे शक्य झाले. २००८ मध्ये रूथ ले आणि सहकाऱ्यांनी ६० जातींच्या सस्तन प्राण्यांची अशी तुलना करून दाखवले, की आतड्यातील जिवाणूसमूहावर आहार आणि वंश या दोन्हींची छाप असते.

वटवाघळे या चौकटीत नीट बसली नाहीत. उडणाऱ्या प्राण्याला पोटात ओझे बाळगणे परवडत नाही. त्यांचे आतडे आखूड असते, बहुतेक जातींत अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) नसते, आणि खाल्लेले अन्न फार लवकर बाहेर पडते. २०२०च्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात सुमारे ९०० जातींचे पृष्ठवंशीय प्राणी होते, वटवाघळांचे जिवाणूसमूह इतर सस्तन प्राण्यांपेक्षा पक्ष्यांशी अधिक मिळतेजुळते निघाले आणि वंशाशी त्यांचा संबंध क्षीण आढळला. वटवाघळाच्या आतड्यातील पुष्कळसे जिवाणू पिढीजात सोबती नसून अन्नपाण्यातून आलेले पाहुणे असावेत, असा याचा एक अर्थ लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनीही २०१६ मध्ये निरनिराळा आहार घेणाऱ्या वटवाघळांची तुलना केली होती, आणि जिवाणूंच्या विविधतेवरून त्यांच्या आहारांत सरमिसळ असल्याचे निष्कर्ष काढले होते.

या साऱ्या काळात जनमानसात वटवाघूळ म्हणजे विषाणू हे समीकरण घट्ट होत गेले. सार्ससदृश विषाणूंचा माग २००५ मध्ये घोड्याच्या नालासारखे नाक असलेल्या वटवाघळांपर्यंत लागला आणि २०२० नंतर तर भीतीला धरबंद राहिला नाही. संशोधनाचा पैसा आणि लक्ष विषाणूंकडे जाणे स्वाभाविक होते. पण त्यामुळे निरोगी वटवाघळाचे आतडे कसे असते, हा मूळ प्रश्न मागे पडला, याची मला खंत वाटते. निरोगी अवस्था ठाऊक नसेल, तर बिघाड ओळखायचा कशावरून?

ठाणे आणि नवी मुंबईच्या दृष्टीने सर्वांत जवळचा दाखला दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचा आहे. तेथे केळीच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत राहणारे एक लहान वटवाघूळ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर उपजणारी चिलटे खाण्यासाठी जमते, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा केंद्रांवर चरणाऱ्या वटवाघळांच्या आतड्यांतील जिवाणूसमूह बदललेला आढळला. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत खाडीलगत अशी केंद्रे आहेत. खाडीच्या पलीकडे, काही किलोमीटरवर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा येऊरकडील भाग आहे. एकाच जातीची वटवाघळे जंगलात आणि सांडपाण्यालगत अशा दोन्ही ठिकाणी चरत असतील, तर अन्नाचा आणि जागेचा परिणाम वेगळा काढण्याची अशी संधी फार थोड्या शहरांत मिळते. जिवाणू जर बहुतांशी स्थानिक अन्नपाण्यातून येत असतील, तर डर्बनची यादी ठाण्याला लावता येणार नाही. येथील नमुने येथेच घ्यावे लागतील.

त्यासाठी वटवाघळाला मारण्याची गरज उरलेली नाही, हा या इतिहासातला मोठा फरक. वन विभागाच्या परवानगीने तलम जाळ्यात धरलेले वटवाघूळ स्वच्छ सुती पिशवीत थोडा वेळ ठेवले, की ते बहुधा स्वतःच लेंडी टाकते; ती निर्जंतुक चिमट्याने नळीत घेऊन थंड ठेवायची आणि वटवाघूळ त्याच जागी सोडून द्यायचे. पिंजऱ्यात ठेवलेल्या प्राण्याचे जिवाणू नव्या अन्नाबरोबर बदलू लागतात, म्हणून ही घाई आवश्यक असते. पिशवीवरचे, हातमोज्यांवरचे आणि रसायनांतले जिवाणूही यंत्र तितक्याच प्रामाणिकपणे वाचते, तेव्हा लेंडी न घातलेली एक नळी प्रत्येक वेळी बरोबर तपासावी लागते. शिवाय पावसाळ्यात उडणारे किडे आणि हिवाळ्यातले किडे सारखे नसल्यामुळे दोन्ही ऋतूंतील नमुने हाती आल्याखेरीज येऊर आणि खाडी यांत दिसणारा फरक जागेचा की ऋतूचा, हे सांगता येणार नाही.