स्तोत्र ५६ : भीतीतल्या भरवशाचं स्तोत्र

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं १३ वचनांचं छोटं स्तोत्र. हिब्रूत १४ भरतात, कारण तिथे शीर्षकालाच पहिलं वचन धरलंय. जुन्या ग्रीक आणि लॅटिन क्रमात याचा नंबर ५५ येतो, तेव्हा जुने कॅथलिक ग्रंथ चाळताना घोळ होऊ शकतो. भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, हे वचन ३ संडे स्कूलपासून पाठ असतं, त्यामुळे ते इथे समजावत बसत नाही.

खरा वाद शीर्षकाचा. शीर्षक म्हणतं की पलिष्ट्यांनी (इस्राएलच्या शेजारच्या शत्रू लोकांनी) दावीदाला, म्हणजे पुढे इस्राएलचा राजा झालेल्या माणसाला, गथ इथे धरलं तेव्हाचं हे स्तोत्र. ही हकिकत बायबलच्या १ शमुवेल या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात आहे, शौल राजापासून पळालेला दावीद नोबच्या याजकाकडून पवित्र भाकरी आणि गल्याथाची तलवार घेतो आणि थेट गथला आखीश राजाकडे जातो, म्हणजे ज्या गावच्या पहिलवानाला मारलं त्याच गावात, त्याचीच तलवार घेऊन. आखीशचे चाकर त्याला ओळखतात, दावीद फार घाबरतो आणि वेड्याचं सोंग घेतो, वेशीच्या दारांवर ओरखडे काढतो, दाढीवर लाळ गाळतो. आखीश वैतागून म्हणतो, माझ्याकडे वेडे कमी आहेत का की तुम्ही अजून एक आणलात, आणि दावीद सुटून अदुल्लामच्या गुहेत जातो.

अडचण अशी की त्या अध्यायात दावीदाला रीतसर पकडल्याचं कुठे नाही, फार तर ‘त्यांच्या हातात’ असताना त्याने सोंग केलं इतकंच. याच प्रसंगाला जोडलेल्या स्तोत्र ३४ च्या शीर्षकात तर राजाचं नाव आखीश नसून अबीमलेख आहे. शिवाय वचन ७ मध्ये देवाने राष्ट्रांनाच रागाने खाली पाडावं असं मागणं आहे, एकटा जीव मुठीत धरून पळणारा माणूस राष्ट्रांचं कशाला काढेल? म्हणून काहीजण बोलणारा राजा आहे असं मानतात, तर काहीजण स्तोत्र बाबेलच्या बंदिवासानंतरचं (यहूद्यांना बाबेलला कैद करून नेलं त्यानंतरचं), साधारण इ.स.पू. ६ व्या शतकानंतरचं धरतात. ग्रीक भाषांतरातलं शीर्षकही पवित्रस्थानापासून दूर पडलेल्या लोकांबद्दल बोलतं, म्हणजे तिथे स्तोत्र एका माणसाचं न राहता समाजाचं झालंय. जर्मन बायबल-अभ्यासक गुंकेलने मात्र ते एका व्यक्तीचं विलापगीतच मानलं आणि स्तोत्राचा सूर बघता तेच जास्त पटतं.

गथ म्हणजे आजचं इस्राएलमधलं तेल एस-साफी, हे आता बहुतेक सगळे मानतात. १९९६ पासूनच्या उत्खननात तिथे मोठं पलिष्टी शहर मिळालंय जे इ.स.पू. ९ व्या शतकाच्या उत्तरार्धात उद्ध्वस्त झालं, बहुधा अरामचा राजा हजाएल याच्या स्वारीत. गथचा एवढा दबदबा असलेल्या गोष्टीमागे त्याआधीची आठवण असावी असा तर्क यावरून करतात, पण तो शमुवेलाच्या गोष्टीला लागू पडतो, स्तोत्राच्या तारखेला नाही, आणि ऑनलाइन लिहिताना लोक हे दोन्ही सर्रास एकत्र करतात.

शीर्षकं नंतरच्या संपादकांनी शमुवेल वाचून जोडली असावीत असं बायबल-अभ्यासक चाइल्ड्सने १९७१ मध्ये मांडलं आणि ते बरंचसं मान्य झालंय. तसं असेल तर जोडणाऱ्याची निवड मात्र पक्की. शमुवेलाच्या दोन्ही पुस्तकांत दावीद माणसाला भ्याला असं इतकं सरळ क्वचितच लिहिलेलं सापडतं, गल्याथासमोर तर तो अजिबात भीत नाही, आणि संपादकाने नेमका त्याच्या फजितीचा प्रसंग उचललाय.

रचनेत वचन ४ आणि १०-११ हे जवळजवळ सारखं ध्रुपद आहे. वचन ३ मध्ये भीती आणि भरवसा एकाच वेळी आहेत, वचन ४ ला लगेच ‘मी भिणार नाही’ येतं, पण त्यानंतर वचन ५-६ मध्ये शत्रू पुन्हा दबा धरून बसलेले, पावलांवर नजर ठेवून असलेले दिसतात, म्हणजे परिस्थिती तसूभरही बदललेली नाही. विश्वास असला की भीती वाटतच नाही असं सांगणाऱ्या उपदेशकांना हे स्तोत्र तसं गैरसोयीचंच आहे. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूही आधी व्याकूळ होतो, प्याला टळावा म्हणून विनवतो आणि मग पित्याच्या इच्छेवर सोपवतो. प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीनने गथचा अर्थ द्राक्षकुंड घेऊन मंडळी (चर्च) छळात द्राक्षांसारखी पिळली जाते असं लावलं, इतिहास म्हणून ते टिकत नाही पण मध्ययुगात चाललं खूप.

वचन ८ मध्ये देव आसवं बुधलीत भरतो. यावरून प्राचीन लोक रडून काचेच्या बाटल्या भरत असत असं अजूनही फॉरवर्ड फिरतं. रोमन थडग्यांत मिळालेल्या त्या बारीक बाटल्यांना १९ व्या शतकात अश्रुपात्रं म्हणत, पण त्यात सुगंधी तेल नाहीतर मलम असायचं. काच फुंकून बाटली करायची कला तर इ.स.पू. १ ल्या शतकातली, इथे म्हटलीय ती बुधली चामड्याची, पाणी-दूध-द्राक्षारस ठेवायची.

उपासनेत अँग्लिकन चर्चच्या महिनाभरात सगळी स्तोत्रं वाचायच्या क्रमात हे ११ तारखेला सकाळी ५७ आणि ५८ सोबत येतं. मराठीत हिब्रू-ग्रीकवरून केलेलं पंडिता रमाबाईंचं बायबल त्यांच्या मृत्यूनंतर (१९२२) दोन वर्षांनी, १९२४ मध्ये निघालं, त्यातही हे स्तोत्र आहे. आपल्याकडे आजाऱ्याच्या घरी किंवा ऑपरेशनच्या आदल्या रात्री प्रार्थनेला बहुतेक वेळा स्तोत्र २३, ९१ किंवा १२१ काढतात, ५६ तलं तिसरं वचन तेवढं म्हणतात.