डेव्ह शॅपेल 'वेडा होऊन' आफ्रिकेत पळाला होता का?

'५ कोटी डॉलर सोडून पळाला, ड्रग्ज घ्यायचा, वेड्यांच्या इस्पितळात होता.' अमेरिकी कृष्णवर्णीय विनोदवीर डेव्ह शॅपेलबद्दल ही कथा २००५पासून फिरते आहे. अर्धी खरी आहे, म्हणूनच टिकली.

पैसे सोडले, हे खरं. कॉमेडी सेंट्रल या अमेरिकी टीव्ही वाहिनीवरचा त्याचा कार्यक्रम २००३मध्ये सुरू झाला आणि तुफान चालला. पुढच्या पर्वांसाठी सुमारे ५ कोटी डॉलरचा करार झाला. तिसऱ्या पर्वाचं काम अर्धवट टाकून तो निघून गेला, हेही खरं. पण गेला कुठे? दक्षिण आफ्रिकेतल्या डरबानला, एका मित्राकडे. 'टाइम' या अमेरिकी साप्ताहिकाचा प्रतिनिधी मे २००५मध्ये त्याला तिथेच भेटला. इस्पितळ नाही, ड्रग्ज नाहीत, असं त्याने स्वतः सांगितलं.

मग बिनसलं कुठे? एका प्रहसनात तो तोंडाला काळा रंग फासलेल्या परीच्या वेशात होता; कृष्णवर्णीयांची टिंगल करायला पूर्वी गोरे नट असाच रंग फासत. वंशभेदाची टर उडवायची होती. चित्रीकरण चालू असताना सेटवरचा एक गोरा माणूस जरा जास्तच मोठ्याने हसला. शॅपेलला प्रश्न पडला: हा आपल्याबरोबर हसतोय की आपल्याला हसतोय? २००६मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने हाच प्रसंग सांगितला. चौदाव्या वर्षापासून स्टेजवर उभ्या असलेल्या माणसाला हसण्याची जात कळणारच, नाही का?

आणि 'कारकीर्द संपली' म्हणावं, तर २००५च्याच जूनमध्ये तो लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा माइक हातात घेऊन उभा होता.