कुलगुरू

कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी; इंग्रजीतील व्हाइस चान्सलर. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती (चान्सलर) हे पदसिद्ध राज्यपाल असतात. ते पदवीदान समारंभाचे अध्यक्षस्थान भूषवतात आणि शोध समितीने सुचवलेल्या नावांतून कुलगुरूंची नेमणूक करतात. रोजचा कारभार मात्र कुलगुरू पाहतात. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार त्यांची मुदत 5 वर्षे किंवा वयाच्या 65 वर्षांपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर असते.

‘कुलपती’ हा शब्द फार जुना आहे. महाभारताच्या आरंभी नैमिषारण्यात बारा वर्षांचे सत्र चालवणाऱ्या शौनकांना कुलपती म्हटले आहे. दहा हजार मुनींना अन्नवस्त्र देऊन शिकवणारा ब्रह्मर्षी तो कुलपती, अशी व्याख्या एका संस्कृत श्लोकात येते. शिकवण्याइतकीच पोसण्याची जबाबदारी त्यात आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुष्यंत आश्रमाजवळ येतो तेव्हा कुलपती आहेत का, असे विचारतो. कण्व सोमतीर्थाला गेले असून अतिथींचे स्वागत करण्याचे काम मुलीवर, शकुंतलेवर, सोपवले आहे, असे त्याला कळते. म्हणजे आश्रमाचा सगळा संसार कुलपतीच्या माथी असे.

‘कुलगुरू’चा मूळ अर्थ वेगळा: घराण्याचा गुरू व पुरोहित. सूर्यवंशाचे वसिष्ठ हे त्याचे ठळक उदाहरण. विद्यापीठाच्या संदर्भात ‘कुल’ म्हणजे घराणे नव्हे, तर गुरुकुलातले कुल, एकत्र राहून शिकणाऱ्यांचा समुदाय.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा गव्हर्नर चान्सलर आणि प्रत्यक्ष काम पाहणारा व्हाइस चान्सलर ही रचना इंग्लंडमधून आली. 1892 मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्या पदावरचे पहिले भारतीय ठरले, त्यांच्यानंतर रा. गो. भांडारकर आले. इंग्रजी नावातला ‘व्हाइस’ म्हणजे बदली किंवा दुय्यम. मराठीने ‘उपकुलपती’वर न थांबता कुलगुरू हे स्वतंत्र नाव रूढ केले. ही निवड अतिशय योग्य वाटते, कारण विद्यापीठ ज्यांच्यावर चालते त्यांना कुणाचे तरी ‘उप’ म्हणावे लागत नाही. पुढे प्र-कुलगुरू हे पदनामही त्यावरूनच घडले.

हिंदीत वेगळा पायंडा पडला: तेथे व्हाइस चान्सलरला कुलपति आणि चान्सलरला कुलाधिपति म्हणत. त्यामुळे हिंदी बातमीतला ‘कुलपति’ मराठीत तसाच उचलला, तर कुलगुरूंचे विधान राज्यपालांच्या नावावर जमा होते. अलीकडे मध्य प्रदेश आणि राजस्थान या राज्यांनी कुलपतिऐवजी कुलगुरु हे पदनाम स्वीकारले. 2025 मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही हा बदल झाला. ‘पति’ या पदाचा पुरुषवाचक रंग टाळणे हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. त्या वेळी तेथील प्रमुख शांतिश्री धुलिपुडी पंडित होत्या. त्यापूर्वी त्या पुणे विद्यापीठात प्राध्यापक होत्या.