मिरचीचं बी आणि कुंडीतला पारा

डिसेंबर संपत आला की बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक निरोप फिरू लागतो: मिरचीचं बी शुक्ल पक्षात टाका, चंद्राबरोबर रोपही वाढेल. तिथी पाळूनही ज्यांचं उगवत नाही, ते मग बियाणं विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. चंद्राच्या कलेने कुंडीतली माती अर्ध्या अंशानेही तापत नाही, आणि मिरचीच्या बियाला पडलेली असते ती मातीच्या तापमानाची.

कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकात जे. एफ. हॅरिंग्टन यांनी भाज्यांच्या बियांचा एक तक्ता केला होता. त्यात मिरचीवर्गाची ओळ बघा. माती १० अंश सेल्सिअसला असेल तर उगवण शून्य. १५ अंशांना २५ दिवस, २० ला साडेबारा, २५ ला साधारण साडेआठ, ३० ला साडेसात. ३५ ला गाडी पुन्हा मंदावते आणि ४० ला परत शून्य. पुण्या-नाशकात जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ वर येतो. दुपारी तो तिशीला टेकतो खरा, पण ओली मातीची कुंडी कोरड्या हवेत सगळ्या अंगांनी पाणी उडवत बसते, आणि माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने तिच्यातलं बीही गारठतं. त्यामुळे थंडीत बी टाकायला प्लास्टिकचा ट्रे किंवा दह्याचा रिकामा डबा बरा. तळाला भोकं मात्र पाडा.

पण थंडीत बी नेमकं अडतं कुठे? मला या गोष्टीतला हाच भाग सर्वांत आवडतो. बी भिजवलं की फुगतं. ते निव्वळ भौतिकशास्त्र. मेलेलं बीही तितक्याच ऐटीत फुगतं, म्हणून रात्रभर भिजवून ‘बी जिवंत आहे’ असा निर्वाळा देण्यात अर्थ नाही. त्यानंतर काही दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. त्या चपट्या बियात गर्भ दोऱ्यासारखा वेटोळं करून पडलेला असतो आणि त्याच्याभोवती असतो भ्रूणपोष, म्हणजे त्याचा अन्नसाठा. आदिमुळाच्या, म्हणजे गर्भाच्या पहिल्या मुळाच्या, टोकासमोर या भ्रूणपोषाची घट्ट टोपी असते. तिच्या पेशीभित्तिकांमध्ये मॅनन नावाची बहुशर्करा भरलेली असते आणि मुळाचा जोर तिच्यापुढे तोकडा पडतो. मग गर्भाकडून जिबरेलिन या संप्रेरकाचा सांगावा टोपीकडे जातो, तिथे मॅननेज हे विकर (एन्झाइम) तयार होतं आणि ते मॅननच्या साखळ्या तोडू लागतं. म्हणजे मूळ दार फोडत नाही, आधी दार पोखरलं जातं. वॉटकिन्स आणि कँटलिफ या संशोधकांनी १९८३ साली ही टोपी भोसकायला किती बळ लागतं तेच मोजलं. २५ अंशांना मूळ बाहेर पडण्याआधी ते जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. थंडीत टोपी सैल पडायला फार वेळ लागतो, आणि तोवर ओल्या मातीतली बुरशी बियाचा समाचार घेते.

एक बरं, की उगवायला मिरचीच्या बियाला उजेड लागत नाही. फ्रिजच्या माथ्यावर, सेट-टॉप बॉक्सवर, जिथे रात्रीही ऊब टिकते तिथे ट्रे ठेवा. पहिली वाकडी मान मातीबाहेर दिसली की मात्र त्याच दिवशी उन्हात हलवा. दोन दिवस आळस केला तर रोपं लांबुळकी होऊन लोळतात.

एवढा खटाटोप करायचं कारण पुढे आहे. रोप लावण्याजोगं व्हायला पाच-सहा आठवडे, तिथून फुलायला आणखी तेवढेच. डिसेंबरअखेरीस टाकलेलं बी आठवड्या-दीड आठवड्यात उगवलं तर फुलं मार्चमध्ये येतात. महिनाभर रखडलं, तर ती एप्रिलच्या उन्हात सापडतात. दिवसा पारा पस्तिशीपार आणि रात्रीही उकाडा असला की पराग निकामी होतात आणि फुलगळ सुरू होते. मग ‘ताक शिंपडा, हिंग घाला’ वगैरे सल्ले येतात. ताकाने ऊन कमी होत नाही. कोकणात रात्री एवढ्या गार नसतात, तिथे हे सगळं बरंच सोपं.

खरिपाच्या मिरचीचं बी मे महिन्यात गादीवाफ्यावर पडतं तेव्हा अडचण नेमकी उलटी असते. विदर्भात उघड्या वाफ्याची वरची माती भर दुपारी ४० च्या कितीतरी वर जाते, म्हणजे तक्त्यातलं दुसरं शून्य. तिथे शेडनेट किंवा वाळलेल्या गवताचं आच्छादन लागतं, आणि उगवण दिसताच गवत काढावं लागतं. पाणी सकाळी, बेताचं. वाफा सतत चिंब राहिला तर रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. आणि वाफ्यावर बारीक जाळी पहिल्या दिवसापासून हवी, कारण चुरडामुरड्याचा, म्हणजे पानं आकसून मुरडणाऱ्या रोगाचा, विषाणू पसरवणारी पांढरी माशी दुसऱ्या पानाची वाट बघत थांबत नाही.