लोन आणि ट्रान्सफर: पोस्टिगा पोर्तोला दोनदा ‘परत आला’, पण तो एकच प्रकार नव्हता

पोर्तुगीज स्ट्रायकर एल्डर पोस्टिगाचा विषय निघाला की एक जण हमखास म्हणतो, दहा-अकरा क्लबांनी विकला राव त्याला. मग दुसरा शहाणा त्याला सुधारायला येतो, विकला कुठे, सगळीकडे लोनवरच तर होता. दोघंही चूक, आणि दोघंही छातीठोकपणे चूक. पोर्तो या त्याच्या पोर्तुगालमधल्या मूळ क्लबची बी टीम सोडली तर पोस्टिगा अकरा क्लबांकडून खेळला आणि त्यातले फक्त तीन लोन होते: २००६ ला सेंट-एतियन, २००८ ला पनाथिनाइकोस, २०१४ ला लाझिओ. बाकी सगळीकडे तो रीतसर त्या त्या क्लबचा होता. कुठे फी मोजून गेला, कुठे करार संपल्यावर फुकटात.

ट्रान्सफर सगळ्यांना कळते, त्यावर वेळ घालवत नाही. जुना करार संपतो, नवा क्लब पैसे देतो (किंवा करार आधीच संपला असेल तर देत नाही), नवा करार होतो, जर्सी हातात धरून फोटो, विषय कट.

घोळ होतो तो लोनमध्ये, आणि कारण एकच आहे. फुटबॉलरच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या चालतात, त्याचा करार आणि त्याची नोंदणी, म्हणजे रजिस्ट्रेशन. करार म्हणजे नोकरी कुणाकडे, नोंदणी म्हणजे फेडरेशनच्या दप्तरी तो सध्या कुणाकडून मैदानात उतरू शकतो. ट्रान्सफरमध्ये दोन्ही एकदम हलतात म्हणून आपल्याला त्या दोन आहेत हे कधी जाणवतच नाही. लोनमध्ये नोंदणी हलते पण मूळ करार जागचा हलत नाही, तो तेवढ्या काळापुरता बाजूला ठेवलेला असतो, आणि लोन संपलं की नोंदणी आपोआप मूळ क्लबकडे परत. जिल्हा परिषदेतल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळेल, ट्रान्सफर म्हणजे बदली आणि लोन म्हणजे प्रतिनियुक्ती, काम दुसऱ्या खात्यात पण धारणाधिकार आपल्या मूळ खात्यातच.

आता हे पोस्टिगावर लावून बघा, कारण याच्या करिअरमध्ये ‘पोर्तोला परत आला’ हे वाक्य दोनदा येतं आणि दोन्ही वेळा अर्थ पार वेगळा आहे.

पहिल्यांदा २००४. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २००३ च्या उन्हाळ्यात, कोच मोरिन्योच्या पोर्तोबरोबर लीग आणि युएफा कप जिंकून हा विशीतला पोरगा इंग्लंडमधल्या टॉटनहॅमला गेला, बातम्यांप्रमाणे सव्वासहा दशलक्ष पौंडांच्या आसपास. ज्या ग्लेन हॉडलच्या हाताखाली गेला त्याला सप्टेंबरमध्येच नारळ मिळाला, आणि पोस्टिगाने अख्ख्या सीझनमध्ये लीगमध्ये एकच गोल केला, जानेवारीत लिव्हरपूलविरुद्ध. इंग्लंडमध्ये त्याची चेष्टा चालू होती आणि मग जूनमध्ये युरोच्या क्वार्टर फायनलला, लिस्बनमध्ये, इंग्लंडविरुद्धच, पोर्तुगालचा कोच स्कोलारीने फिगोला बाहेर काढून याला आत सोडलं. याने ८३ व्या मिनिटाला हेडरने बरोबरी केली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये डेव्हिड जेम्स एका बाजूला झेपावला असताना बॉल अलगद मधून चिप केला. एवढं टेन्शन, होमग्राउंड, आणि हा चिप मारतोय, मला तो शॉट आजही बघताना घाम फुटतो. तर, त्यानंतर तो पोर्तोला गेला. पण ‘गेला’ म्हणजे पोर्तोने त्याला टॉटनहॅमकडून परत मिळवला, वाटाघाटी झाल्या, आणि त्या व्यवहारात चॅम्पियन्स लीग जिंकलेला पेद्रो मेंदेस पोर्तोकडून टॉटनहॅमला आला. पोस्टिगाचा टॉटनहॅमबरोबरचा करार संपला, पोर्तोबरोबर नवा झाला. टॉटनहॅमला त्याला द्यायचं नसतं तर तो आला नसता, इतकं साधं.

दुसऱ्यांदा २००६. जानेवारीत पोर्तोने त्याला फ्रान्समध्ये सेंट-एतियनला लोनवर पाठवला, उन्हाळ्यात तो परत आला. यावेळी कुणी कुणाशी वाटाघाटी केल्या नाहीत, फी नाही, नवा करार नाही, लोनची मुदत संपली आणि पोर्तोचा बाजूला ठेवलेला करार पुन्हा लागू झाला. पोर्तोला तो नको असता तरी तो आलाच असता! हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. लोनवरून परत येणं म्हणजे क्लबने मोठ्या मनाने परत घेतलं वगैरे काही नसतं, तो त्यांचा नोकर असतो, प्री-सीझनला, म्हणजे सीझनआधीच्या सरावाला हजर होतो, झालं. आणि मजा म्हणजे २००६-०७ ला तो पोर्तोकडून पुन्हा गोल करायला लागला आणि पोर्तो चॅम्पियनही झाली, ज्याला सहा महिन्यांपूर्वी फ्रान्सला धाडलं होतं तोच. नंतर २००८ ला पुन्हा तेच, पनाथिनाइकोसला लोन, पण त्या उन्हाळ्यात पोर्तोने त्याला स्पोर्टिंगला दिला आणि ती मात्र ट्रान्सफर, पोर्तोबरोबरचा करार तिथे संपला.

आणि तिसरं परतणं आपल्या भारतातलं, ज्यावर सगळ्यात जास्त चुकीचं ऐकायला मिळतं. २०१५ ला पोस्टिगा अॅटलेटिको दे कोलकाताचा मार्की प्लेअर, म्हणजे टीमचा मोठा स्टार म्हणून आला, ३ ऑक्टोबरला चेन्नईत पहिल्याच मॅचला दोन गोल ठोकले, टीम ३-२ ने जिंकली, त्याच मॅचमध्ये दुखापत झाली आणि सीझन खल्लास. मग २०१६ च्या जानेवारीत पोर्तुगालमध्ये रिओ आव्ह, आणि त्या वर्षी आयएसएलला (इंडियन सुपर लीग) पुन्हा कोलकाता. इथे लोक बिनधास्त सांगतात की रिओ आव्हने त्याला लोनवर पाठवला होता. नाही हो. दोन्ही वेळा तो करार करून आला, दोन वेगळे छोटे करार. देपोर्तिवोबरोबरचा सीझन २०१५ ला संपला होता, रिओ आव्हचा २०१६ ला, त्याला लोनवर पाठवायला मागे कुठला क्लबच उरला नव्हता.

गैरसमज कुठून आला तेही सांगतो, कारण तो अगदीच बिनबुडाचा नाहीये. तेव्हा आयएसएल जेमतेम अडीच-तीन महिन्यांची असायची, ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आय-लीग ही देशातली दुसरी लीग वेगळी चालायची. त्यामुळे भारतीय प्लेअर मोठ्या संख्येने आय-लीगच्या क्लबांकडून खरोखर लोनवर यायचे, गोव्यातल्या क्लबांचे, ईस्ट बंगालचे, आणि डिसेंबरनंतर आपल्या क्लबला परत जायचे. म्हणजे एकाच ड्रेसिंग रूममध्ये बंगालचा डिफेंडर लोनवर आणि शेजारी बसलेला पोर्तुगीज स्ट्रायकर करारावर, दोघंही तीन महिन्यांनी बॅग भरणार. बाहेरून बघणाऱ्याला सेमच वाटणार. पण डिसेंबरनंतर त्या भारतीय पोराला नोकरी होती आणि पोस्टिगाला नवीन शोधायची होती. थोड्या दिवसांसाठी आला म्हणजे लोनवर आला हे समीकरण आधी डोक्यातून काढा, मुदतीवरून काहीच ठरत नाही. (२०१६ ला तीच टीम चॅम्पियन झाली, सेमीफायनलला मुंबई सिटीला काढून, कोलकात्यात ३-२ आणि अंधेरीत ०-०. मुंबईचा फोर्लान पहिल्या लेगला रेड कार्ड घेऊन बसला, त्याचं दुःख वेगळंच आहे, जाऊ दे.)

बरं, करार एकीकडे आणि नोंदणी दुसरीकडे, याने प्रत्यक्षात काय फरक पडतो? बराच. २०१४ च्या वर्ल्ड कपला पोर्तुगालच्या यादीत पोस्टिगाच्या नावापुढे क्लब होता लाझिओ, कारण नोंदणी तिथे, पण करार होता व्हॅलेन्सियाशी, ज्यांनी त्याला जेमतेम वर्षापूर्वी झारागोझाकडून घेतलं होतं. त्यामुळे ‘वर्ल्ड कपला तो कुठल्या क्लबचा होता’ यावर भांडणारे दोघंही बरोबर असू शकतात. दुसरं म्हणजे घड्याळ. लोनवर असताना मूळ कराराची वर्षं सरतच असतात, तीन वर्षांचा करार असेल आणि एक वर्ष लोनवर गेलं तर परत आल्यावर दोनच उरतात. म्हणून क्लब बऱ्याचदा लोनवर पाठवायच्या आधी करार वाढवून घेतात आणि आपल्याकडचे लोक गोंधळतात की नको असलेल्या प्लेअरला मुदतवाढ का दिली. अरे, नाहीतर तो परत येऊन फुकटात निघून जाईल म्हणून!

तिसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते आणि मला ती सगळ्यात आवडते. एखाद्या प्लेअरसाठी एका देशातून दुसऱ्या देशात जाताना फी मोजली गेली की फिफाच्या नियमाप्रमाणे तिच्यातले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात, आणि तो हिशोब नोंदणीवर चालतो, करारावर नाही. म्हणजे लोनवर घेणाऱ्या क्लबलाही वाटा. पावलो मशाडो घ्या, २०१८ ला आपल्या मुंबई सिटीत आलेला मिडफिल्डर. हा पोर्तोच्या अकॅडमीतला, पण विशीच्या आसपासची चार वर्षं लोनवर फिरत होता, एस्ट्रेला दा अमादोरा, युनियाव दे लेरिया, लेशोएस, आणि मग पोस्टिगासारखाच सेंट-एतियन. त्या चारही सीझनमध्ये करार पोर्तोचा, पण नोंदणी त्या त्या क्लबची. सोळाव्या वर्षापासून पुढे एका पूर्ण सीझनचा वाटा फीच्या अर्धा टक्का असतो. मोठ्या क्लबला तो किरकोळ, पण लेशोएससारख्या क्लबला अर्धा टक्काही हवाच असतो. मशाडो पुढे टुलूज, ऑलिम्पियाकोस, डिनामो झाग्रेब असा फिरला, आणि त्या सगळ्या खऱ्या ट्रान्सफर होत्या. अंधेरीत खेळला तोही करारावरच.

मूळ क्लबविरुद्ध खेळता येतं का, हा प्रश्नही दर सीझनला येतो. प्रीमियर लीगमध्ये दोन्ही क्लब त्याच लीगचे असतील तर नाही, तिथे तसा नियमच आहे. चॅम्पियन्स लीगमध्ये येतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये डिफेंडर जुआव कॅन्सेलो लोनवर असताना बायर्न म्युनिककडून मँचेस्टर सिटीविरुद्ध उतरला तेव्हा त्याचा करार सिटीशीच होता. आणि कुटिन्यो तर २०२० ला लोनवर असताना बायर्नकडून बार्सिलोनाला दोन गोल मारून गेला, त्या ८-२ च्या मॅचमध्ये, तीही लिस्बनलाच.

कॅन्सेलोचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. लोनबरोबर विकत घ्यायचा पर्याय असतो तेव्हा आपल्याकडच्या हेडलाइन्स लगेच ‘अमुक कोटींना करारबद्ध’ म्हणून मोकळ्या होतात. पर्याय म्हणजे पर्याय, घेतला तर घेतला. बायर्नकडे कॅन्सेलोसाठी ७० दशलक्ष युरोच्या आसपासचा पर्याय होता अशा बातम्या होत्या, त्यांनी तो वापरला नाही, तो सिटीत परत, तिथून बार्सिलोनाला दुसरं लोन, आणि शेवटी २०२४ ला अल हिलालला खरी ट्रान्सफर. पर्यायाऐवजी सक्ती असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लोन हे नावापुरतं असतं आणि खरेदी वर्षभर पुढे ढकललेली असते, एम्बापे २०१७ ला मोनॅकोतून पॅरिसला तसाच गेला. ‘लोनवर विकत घेतला’ असं लिहिणाऱ्यांना एवढ्या एकाच केसमध्ये मी माफ करतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पगार कोण देतो? दोन क्लब जसं ठरवतील तसं, बहुतेक वेळा वाटून. लोनची फी असते का? कधी असते, कधी नसते. किती दिवसांचं? २०२२ च्या जुलैपासून फिफाने आंतरराष्ट्रीय लोनला जास्तीत जास्त एक वर्षाची मर्यादा घातलीये आणि लोनवर घेतलेला प्लेअर पुढे तिसऱ्याला लोनवर द्यायला बंदी. संख्येवरही मर्यादा आली, हळूहळू कमी करत एका क्लबचे एका वेळी सहा प्लेअर बाहेर, सहा आत, त्यात तरुण आणि क्लबने स्वतः घडवलेल्या प्लेअरना सूट. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं, पोर्तुगालचे मोठे क्लब पोरांना साठवून ठेवायचे आणि दरवर्षी नवीन गावाला धाडायचे, मशाडोची ती चार वर्षं बघा.

आणि भटका प्लेअर म्हणजे फेल गेलेला, हे तर बंदच करा. पोस्टिगाच्या नावावर पोर्तुगालसाठी ७१ मॅच आणि २७ गोल आहेत, २००४, २००८ आणि २०१२ अशा तिन्ही युरोंत गोल आहे. झारागोझा २०१३ ला खालच्या डिव्हिजनमध्ये गेली त्या सीझनमध्ये ला लीगात गोल करत होता तो हाच, म्हणून तर व्हॅलेन्सियाने त्याला पैसे देऊन घेतलं. यापुढे कुणाचंही करिअर वाचताना क्लबांची नावं मोजत बसू नका, प्रत्येक ३० जूनला तो नक्की कुणाच्या प्री-सीझनला हजर होणार होता तेवढं बघा, लोन कुठलं आणि ट्रान्सफर कुठली ते तिथेच कळतं.