मोसंबीचे आईबाप कोण?

वॉल्टर स्विंगल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९४३ साली लिंबूवर्गातल्या झाडांचं वर्गीकरण मांडलं, तेव्हा त्यांच्या हिशोबात १६ प्रजाती भरल्या. याच झाडांवर आयुष्य घालवलेल्या जपानच्या त्योझाबुरो तानाकांनी मोजल्या १६२. दोघेही अभ्यासात कच्चे नव्हते. दोघांनी पानं, फुलं, फळं हातात घेऊन बारकाईने पाहिली होती. तरी आकड्यात दहापट फरक पडला, कारण नुसत्या डोळ्यांनी निवाडा व्हावा अशी ही झाडंच नाहीत.

पपनसाचं पान पाहा. त्याच्या देठाला दोन्ही बाजूंनी रुंद पंख असतो. महाळुंगाच्या देठाला तो नसतोच, संत्र्याच्या देठाला जेमतेम एक कड असते. इथवर सगळं सोपं आहे. पण या तिघांचे एकमेकांशी सहज संकर होतात आणि संकरित झाडांत पंखाची रुंदी, सालीची जाडी, रसाची आंबटाई वाटेल तशी मिसळते. त्यात आणखी एक गुंता आहे. कागदी लिंबाची बी पेरली, की पुष्कळदा एकाच बीतून दोन-तीन रोपं वर येतात. त्यातलं एखादं परागीकरणातून आलेलं असतं. बाकीची बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून घडलेली, म्हणजे आईच्या हुबेहूब नकला. पपनसाच्या आणि महाळुंगाच्या बीतून एकच रोप येतं, पण संत्र्याच्या घराण्यात ही नकलांची सवय भरपूर आहे. त्यामुळे कधीकाळी एकदाच झालेला संकर शतकानुशतकं तसाच्या तसा टिकतो. वर माणसाने कलमं बांधून त्याला हातभार लावला. पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारं झाड दिसलं, की कुणीही त्याला स्वतंत्र प्रजातच म्हणणार. तानाकांचा आकडा फुगला तो बराचसा यामुळे.

डीएनएकडे वळलं की हे कोडं झटक्यात सुटेल, असं वाटणं साहजिक आहे. २००९ साली वनस्पतींच्या ओळखीसाठी हरितलवकातली दोन जनुकं जगभर ‘बारकोड’ म्हणून स्वीकारली गेली: आरबीसीएल आणि मॅट-के. बऱ्याच झाडांना ती उपयोगी पडतात. लिंबूवर्गात मात्र ती अर्धीच गोष्ट सांगतात. हरितलवकाचा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यामुळे मोसंबी, ईडलिंबू, ग्रेपफ्रूट आणि पपनस यांची हरितलवकं शेजारी ठेवली, तर चारही पपनसाच्या घराण्यातली निघतात. आईचं घराणं कळलं, बाप कोण याचा पत्ताच नाही.

बाप शोधायचा तर पेशीच्या केंद्रकात शिरावं लागतं. तिथे गुणसूत्रांच्या ९ जोड्या असतात, प्रत्येक जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. कोवळं पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटतात, गरम द्रावणात पेशी फोडतात, क्लोरोफॉर्मने प्रथिनं काढून टाकतात आणि शेवटी थंड अल्कोहोल घालतात. मग नळीत पांढऱ्या तंतूंचा पुंजका दिसतो, तो डीएनए. त्यात ठिकठिकाणी दोन-तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात: जीए, जीए, जीए. ही आवर्तनं किती वेळा आली, ते घराण्यागणिक बदलतं. समजा, एका जागी पपनसात ती १२ वेळा येतात आणि संत्र्यात १८ वेळा. एखाद्या झाडात त्या जागी १२ आणि १८ असे दोन्ही आकडे सापडले आणि अशा डझनावारी जागांवर हेच दिसलं, तर ते झाड या दोघांचं मूल.

याच्याही पुढे जाऊन स्पेनचे मॅन्युएल तालोन, अमेरिकेतले डॅनियल रोख्सार आणि फ्रेडरिक ग्मिटर यांच्या गटाने ६० झाडांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे प्रत्येकाचा सगळाच्या सगळा डीएनए, तपासला. २०१८ साली निष्कर्ष आले. मूळ प्रजाती १०, बाकी बहुतेक त्यांचे संकर. या सगळ्यांचं माहेर म्हणजे हिमालयाचा आग्नेय पायथा: पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनच्या युनान प्रांताचा पश्चिम भाग.

या अभ्यासातला मला सर्वांत देखणा वाटतो तो तर्क. आंबट नारिंगाच्या जीनोमवर जिथे पाहावं तिथे एक प्रत पपनसाची आणि एक संत्र्याच्या रानटी पूर्वजाची आहे. म्हणजे तो थेट पहिल्या पिढीचा संकर. ईडलिंबात एक अख्खी बाजू महाळुंगाची आहे आणि दुसऱ्या बाजूवर पपनसाचे आणि संत्र्याचे तुकडे आलटून पालटून येतात. अशी मिसळण आंबट नारिंगाच्या बीजांडातूनच येऊ शकते. म्हणून ईडलिंबाची आई आंबट नारिंग, बाप महाळुंग. मोसंबी, म्हणजे गोड नारिंग, मात्र सहज हाती लागत नाही. तिच्या काही गुणसूत्रांवर असे पट्टे आहेत, की तिथे दोन्ही प्रती पपनसाच्याच. एक प्रत आईकडून आली असेल, पण दुसरी बापाकडूनच यायला हवी. म्हणजे बाप शुद्ध संत्रं नव्हता. त्याच्या रक्तात आधीच पपनस मिसळलेलं होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या, कुणीही न पाहिलेल्या झाडाबद्दल इतकं ठामपणे सांगता येतं!

वरूड, मोर्शी, काटोलच्या संत्रा बागायतदाराला याचा थेट उपयोग आहे. तिथे संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, जंबेरी किंवा रंगपूर या लिंबांच्या खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या खालच्या रोपावर, बांधतात. या दोन्ही खुंटांचं मूळ एकच: आई संत्र्याच्या कुळातली, बाप महाळुंग. फळ पाहिलं तर फरक लगेच कळतो, रंगपूरचा गर नारिंगी, जंबेरीचा पिवळट. पण वीतभर रोपट्याला फळ कुठून असणार? शिवाय जंबेरी डिंक्या रोगाला लवकर बळी पडते, रंगपूर त्या मानाने बरा तग धरतो. खुंट कोणता आहे ते जमिनीलगत दडलेलं असतं आणि चूक उघडी पडते ती बाग धरती झाल्यावर. रोपवाटिकेत बियांपासून केलेल्या खुंटांत परागीकरणातून आलेली वेगळी रोपंही मिसळतात. अनुभवी माळी वेड्यावाकड्या वाढीची, खुरटलेली रोपं उपटून टाकतो, पण दिसायला सारखं आणि आतून वेगळं असं रोप त्याच्या नजरेतून सुटतंच. तेच डीएनए चाचणीत लगेच उघडं पडतं, कारण त्यात आईकडे नसलेले आकडे दिसतात. रोपागणिक चाचणी परवडणार नाही, हे खरं. पण ज्या जंबेरीच्या झाडांवरून वर्षानुवर्षं बी काढलं जातं, त्या मातृवृक्षांची तरी चाचणी व्हायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. लागवड झालेल्या बागेतही कलमाच्या सांध्याखालून एखादा फुटवा आला, तर त्याच्या एका पानावरून खुंटाची ओळख पटते.

जालन्याची मोसंबी, माल्टा, व्हॅलेन्सिया या गोड नारिंगांना एकमेकांपासून वेगळं करताना मात्र ही आवर्तनांची पद्धत थकते. ही सगळी एकाच मूळ झाडाच्या नकला आहेत. फांदीवर कधीतरी झालेल्या एखाद्या उत्परिवर्तनाने त्यांचे वाण बनले. लाल गराचं ‘ब्लड ऑरेंज’ तसंच. रुबी नावाच्या जनुकाशेजारी डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला आणि थंडीत गर लाल होऊ लागला, हे २०१२ साली उलगडलं. वाणावाणातला असा फरक शोधायला संपूर्ण जीनोम वाचावा लागतो. एकदा नेमकी जागा सापडली, की पुढच्या वेळी तेवढ्याच जागेची चाचणी पुरते.